इंग्रजी क्रियापदांतील हुकूम, विनंति व मुभा

वरच्या वर्गांतील मुलांनीं इंग्रजींत लिहिलेले रजेचे अर्ज चाळले असतां एक चमत्कार हटकून दृष्टीस पडतो. वाक्यांत व्याकरणाची चूक म्हणून नसते, अक्षर सुवाच्य असतें, आणि तरीही वाचणाऱ्याच्या कपाळास आठी पडते. ‘यू मस्ट गिव्ह मी लीव्ह’ असें मुलगा लिहितो. त्याच्या मनांतील मराठी वाक्य असतें, ‘मला दोन दिवस रजा द्यावी’. आणि तें अगदीं नम्र आहे. परंतु ‘मस्ट’ ह्या एका शब्दानें विनंतीचा हुकूम झाला, आणि तोही मुख्याध्यापकांस! ‘वुड यू काइंडली’ अशी सुरुवात केली असती तर मूळची नम्रता जशीच्या तशी पोहोंचली असती.

हा दोष मुलाच्या स्वभावाचा नव्हे; दोन भाषांच्या घडणींतील भेदाचा आहे. मराठींत क्रियापदास ‘वा’ लागून जो विध्यर्थ होतो, त्याच्या पोटांत केवढा संसार सामावला आहे पाहा. ‘मुलांनीं वडिलांचें ऐकावें’ येथें कर्तव्य आहे; ‘आपण आंत यावें’ येथें विनंति; ‘आतां पाऊस पडावा’ येथें इच्छा किंवा अटकळ; ‘गावें तर तिनेंच’ येथें योग्यता. मोरो केशव दामले ह्यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांस ह्या विषयाची गोडी लागेल त्यांनीं त्यांतील ‘अर्थां’चें विवेचन अवश्य पाहावें. इंग्रजींत मात्र हीं सारीं कामें एका प्रत्ययावर न सोंपवितां निरनिराळ्या सहायक क्रियापदांस वांटून दिलीं आहेत. कर्तव्यास ‘शुड’, विनंतीस ‘वुड’, संभवास ‘मे’, सामर्थ्यास ‘कॅन’. म्हणून ‘वा’ म्हणजे ‘मस्ट’ असें समीकरण पाठ करणाऱ्याची फसगत ठरलेली.

ह्या क्रियापदांचे बाह्य नियम थोडे आहेत. कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असला तरी त्यांस ‘एस’ लागत नाहीं. पुढील क्रियापद मूळ रूपांत येतें, मध्यें ‘टु’ येत नाहीं. ‘ऑट’ तेवढा अपवाद. दोन एकत्र नांदत नाहींत, म्हणून ‘विल कॅन’ न लिहितां ‘विल बी एबल टु’ लिहावें लागतें. ‘एस’ न लागण्याचें कारण मनोरंजक आहे. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ हीं फार प्राचीन काळीं भूतकाळचीं रूपें होतीं व पुढें वर्तमानाच्या अर्थीं रुळलीं. भूतकाळास ‘एस’ कोठून लागणार? ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणणें’, ‘शॅल’चा ‘देणें लागणें’. ‘कुड’मधील ‘एल’ हें अक्षर तर उपरेंच आहे. ‘शुड’ व ‘वुड’ ह्यांच्या संगतीनें तें तेथें येऊन बसलें आणि आजवर मुलांस छळीत आहे.

खरी परीक्षा नकारांत होते. ‘मस्ट’ आणि ‘हॅव टु’ हीं होकारांत जवळजवळ सख्खीं भावंडें. पहिल्यांत बोलणाऱ्याचा स्वतःचा निग्रह अधिक, दुसऱ्यांत बाहेरील नियमाची किंवा परिस्थितीची सक्ती अधिक, एवढाच काय तो फरक. पण नकार येतांच त्यांच्या वाटा अगदीं फुटतात. ‘मस्ट नॉट’ म्हणजे सक्त मनाई. ‘डोन्ट हॅव टु’ किंवा ‘नीड नॉट’ म्हणजे केलें नाहीं तरी चालेल. मराठींत आपण पुष्कळदां दोन्ही ठिकाणीं ‘नको’ म्हणून मोकळे होतों. ‘हें औषध उपाशीपोटीं घ्यायला नको.’ ह्याचा अर्थ घेतल्यास अपाय होईल असा, कीं उपाशी राहण्याची गरज नाहीं असा? घरांत तें आवाजावरून कळतें. कागदावर आवाज नसतो. डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठींत ‘मस्ट नॉट’ असावें, आणि मुलानें आजीस ‘उपाशी राहावयास नको’ असें सांगावें, म्हणजे नुकसान गुणांचें न होतां आजीच्या प्रकृतीचें होतें. अशा वेळीं ‘नको’च्या जागीं एकदां ‘नये’ व एकदां ‘गरज नाहीं’ घालून पाहावें. ‘नये’ बसल्यास ‘मस्ट नॉट’, ‘गरज नाहीं’ बसल्यास ‘नीड नॉट’.

‘शॅल’ व ‘विल’ ह्यांचा तंटा जुना आहे. जॉन वॉलिस ह्या इंग्रज गणितज्ञानें १६५३ सालीं लॅटिनमध्यें इंग्रजीचें व्याकरण लिहिलें. त्यांत त्यानें नियम घालून दिला कीं, प्रथमपुरुषीं ‘शॅल’नें नुसतें भविष्य कळतें व ‘विल’नें वचन अथवा धमकी, इतर पुरुषीं ह्याच्या उलट. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनीं हा नियम घोकला. आज बोलण्यांत बहुतेक सर्वत्र ‘विल’च चालतें, आणि त्या घोकंपट्टींत फार वेळ घालवावा असें मला तरी वाटत नाहीं. मात्र १६११ च्या इंग्रजी बायबलांतील दहा आज्ञांपैकीं बहुतेकींत जें ‘शॅल’ आहे तें भविष्य नव्हे, आज्ञा आहे, इतकें ठाऊक असावें. कारण कायद्याच्या भाषेंत तो अर्थ अजून जिवंत आहे.

येथें पालकांनींही लक्ष द्यावें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी पाठांत, चौदाव्या अनुच्छेदानें समतेविषयीं राज्यावर जें बंधन घातलें आहे तें ‘शॅल नॉट’ ह्या शब्दांनीं. आणि तिसऱ्या अनुच्छेदानें नवीं राज्यें निर्माण करण्याचा जो अधिकार संसदेस दिला आहे तो ‘मे’ ह्या शब्दानें. पहिलें टाळतां येत नाहीं. दुसरा वापरावा अथवा न वापरावा. क्वचित् न्यायालयें संदर्भ पाहून ‘मे’चा अर्थही सक्तीचा करतात, पण तो वकिलांचा प्रांत. भाडेचिठ्ठी इंग्रजींत असली, आणि वाचून दाखविणाऱ्यानें ‘भाडेकरूनें घराची दुरुस्ती करावी’ एवढेंच मराठींत सांगितलें, तर मूळ शब्द ‘शॅल’ आहे कीं ‘मे’, हें सही करण्यापूर्वीं विचारून घ्यावें. ‘मे’ असेल तर भाडेकरूस दुरुस्तीची मुभा आहे. ‘शॅल’ असेल तर पावसाळ्यांत छप्पर गळूं लागलें कीं कौलांचा खर्च त्याच्याच माथीं येतो.