खोटी गोळी, खरा आराम

दवाखान्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘डॉक्टर, एक सुई द्या, म्हणजे बरं वाटेल.’ ताप साधा असतो, दोन दिवसांत आपला आपण उतरणार असतो. डॉक्टरांनाही ते ठाऊक असतं. तरी कुणी कुणी ‘ताकदीची’ म्हणून एखादी सुई टोचतात आणि पेशंटला दाराबाहेर पडता पडताच तरतरी येते. आता याला उपचार म्हणायचं की फसवणूक?

कोडं जुनं आहे. १८०७ साली अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी एका पत्रात आपल्या ओळखीच्या एका नामवंत डॉक्टरची कबुली नोंदवली आहे. पावाच्या गोळ्या, रंगीत पाण्याचे थेंब आणि लाकडाची राख यांचा त्या डॉक्टरकडचा खप बाकी सगळ्या औषधांच्या एकत्रित खपाहून जास्त होता! जेफरसन यांनी ही लबाडी पुण्याच्या खात्यात टाकली. अशा औषधाविना औषधाला वैद्यकात ‘प्लासिबो’ म्हणतात.

पेशंटला वाटणारा आराम हा नुसता मनाचा खेळ, असं बराच काळ मानलं जाई. मग १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या पेशंटांवर एक प्रयोग केला. प्लासिबोने ज्यांची कळ कमी झाली, त्यांना नॅलॉक्सोन दिलं. हे औषध अफूवर्गातल्या वेदनाशामकांचा परिणाम अडवतं. ते देताच कमी झालेली कळ पुन्हा वाढली. केवढी थक्क करणारी गोष्ट! प्लासिबोत तर अडवण्यासारखं काहीच नव्हतं. मग नॅलॉक्सोनने अडवलं काय? शरीराने स्वतःच तयार केलेली, अफूसारखंच काम करणारी रसायनं. उपचार मिळाल्याच्या नुसत्या भरवशावर मेंदूने आपलं कोठार उघडलं होतं. औषध खोटं होतं. आराम खरा होता.

इटलीत तुरीन इथे फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांच्या गटाने हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला. खरंच वेदनाशामक द्यायचं, पण पेशंटच्या नकळत, यंत्रातून. तेव्हा तेवढाच आराम पडायला जास्त डोस लागला. म्हणजे अस्सल औषधाच्या गुणातही ‘मला औषध मिळालं’ या जाणिवेचा वाटा असतो.

तरी एक काटा सलत राहतो. भरवसा निर्माण करायला खोटं बोलावंच लागणार ना? हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांनी २०१० साली हे गृहीतकच तपासून पाहिलं. पोटाच्या चिवट तक्रारीचे, इरिटेबल बाउल सिंड्रोमचे, ८० पेशंट. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना स्वच्छ सांगितलं: या गोळ्यांत औषध नाही, पण अशा गोळ्यांनी शरीर आपणहून प्रतिसाद देतं असं दिसलं आहे, विश्वास बसला नाही तरी चालेल, गोळ्या मात्र नेमाने घ्या. बाटलीवरही ‘प्लासिबो’ असंच लिहिलेलं. उरलेल्यांना गोळी नाही. विचारपूस मात्र तेवढीच. तीन आठवड्यांनी गोळीवाल्यांपैकी ५९ टक्के लोकांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगितलं, बाकीच्यांपैकी ३५ टक्के लोकांनी. प्रयोग छोटा होता. पण खोटं न बोलताही दिलासा देता येतो, ही शक्यता त्याने समोर ठेवली.

मग उपचार आणि फसवणूक यांच्यातली रेघ कुठे ओढायची? याचं फार मोलाचं उत्तर २०११ साली एका प्रयोगात दम्याच्या पेशंटांकडून मिळालं. सालब्युटॅमॉल या दम्याच्या औषधाच्या पंपाने त्यांच्या फुप्फुसांची क्षमता सुमारे २० टक्क्यांनी वाढली. बिनऔषधाच्या पंपाने, लुटुपुटूच्या ॲक्युपंक्चरने किंवा काहीच न करता ती वाढली सुमारे ७ टक्के. पण ‘कितपत बरं वाटतंय?’ असं विचारल्यावर खोट्या पंपाचे पेशंट खऱ्या पंपाच्या जवळपास बरोबरीने सुधारणा सांगत होते. ते प्रामाणिकपणेच बोलत होते. त्यांना खरंच मोकळं वाटत होतं, आणि श्वासनलिका मात्र आवळलेल्याच होत्या.

फसवणुकीचा धोका नेमका इथे आहे. वाटणं आणि असणं या दोन्ही गोष्टी शरीरात खऱ्या असतात, पण एकीच्या जागी दुसरी खपवली की जीव जाऊ शकतो. वेदना, मळमळ, थकवा यांच्याबाबतीत वाटणं हाच आजाराचा मोठा भाग असतो. तिथे दिलासा हाही उपचार ठरतो. आवळलेली श्वासनलिका, जंतुसंसर्ग, कर्करोग यांच्याबाबतीत नुसता दिलासा घात करतो.

म्हणून ती रेघ गोळीवर ओढता येत नाही. गोळी देताना काय सांगितलं, यावर ती ओढावी लागते. ‘याने बरं वाटेल’ हे वचन साखरेची गोळीही पाळू शकते. ‘याने आजार जाईल’ हे वचन तिला पेलणारं नाही. आणि पहिलं वचन उघडपणे, पेशंटच्या डोळ्यांत पाहून देता येत असेल, तर पुण्यासाठी केलेल्या लबाडीची ही जुनी सबब आता सोडून द्यायला हरकत नाही.