नॉर्मल म्हणजे नक्की कोणासारखं?

घरात आजोबांचा रिपोर्ट आला की सगळे आधी बाजूची ‘नॉर्मल रेंज’ बघतात. आकडा त्यात बसला तर हुश्श, नाहीतर लगेच गुगल! पण ही रेंज कोणाच्या शरीरावरून ठरली, हे आपण कधी विचारतच नाही. लिव्हरच्या डिफ्युजन एमआरआयमध्ये मात्र हा प्रश्न टाळून चालत नाही.

आधी हे तंत्र काय आहे ते बघू. शरीरातले पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे भटकत असतात. मोकळ्या पाण्यात एखादा रेणू ५० मिलिसेकंदांत साधारण १७ मायक्रॉन सरकतो, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम पाव भाग. पेशींच्या गर्दीत त्याला तेवढंही जमत नाही. रिकाम्या मैदानात फिरणारा माणूस आणि संध्याकाळी दादरच्या पुलावर अडकलेला माणूस, इतका हा फरक. एमआरआय मशीन चुंबकीय क्षेत्राचे छोटे झटके देऊन ही हालचाल मोजतं. त्यातून निघणाऱ्या आकड्याला ‘एडीसी’ म्हणतात. ना सुई, ना एक्स-रे.

लिव्हरमध्ये एक गंमत आहे. तिथे मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त येतं आणि बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून सगळ्या दिशांना पसरतं. मशीनला हे वाहणंही रेणूंच्या भटकण्यासारखंच दिसतं! फ्रेंच संशोधक डेनी ल बिआँ यांनी १९८६ मध्ये या दोन हालचाली वेगळ्या करण्याची युक्ती मांडली. सौम्य झटक्यांत रक्त आणि पाणी दोन्हींची हालचाल पकडली जाते, जोरदार झटक्यांत मुख्यतः पाण्याची.

आता वयाचा मुद्दा. वय वाढतं तसं निरोगी लिव्हरही आकसतं, साधारण २० ते ४० टक्क्यांनी. त्यातला रक्तप्रवाह एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त घटतो. बारीक वाहिन्यांच्या भिंतींतली छिद्रंही कमी होतात. साहजिकच मोजणीतला रक्ताचा वाटा घसरतो. म्हणजे कुठलाही आजार नसताना आकडा खाली येऊ शकतो.

आणि खरी अडचण इथेच आहे. लिव्हरमध्ये फायब्रोसिस झाला, म्हणजे जखमेच्या व्रणासारखे तंतू साचले, तरी हाच आकडा खाली येतो. आता समजा, ‘निरोगी’ गट म्हणून विशीतले विद्यार्थी घेतले आणि पेशंट साठीचे. दोघांच्या आकड्यांतला फरक आजाराचा की वयाचा? सांगताच येणार नाही. एखाद्या ठणठणीत आजोबांवर उगाच शंका येईल, नाहीतर खरा आजार ‘वयामुळे असेल’ म्हणून सुटून जाईल.

वयाचा परिणाम नेमका किती, यावर अभ्यासांचं एकमत नाही. कारण झटक्यांची ताकद बदलली की आकडा बदलतो. लिव्हरचा डावा भाग हृदयाला खेटून असल्याने धडधडीमुळे तिथली मोजणी बिघडते. साचलेलं लोहही सिग्नल खातं, आणि बायकांमध्ये पाळी थांबल्यावर ते वाढतं. त्यामुळे वयाबरोबर स्त्री-पुरुष हा फरकही बघावा लागतो.

म्हणून घाबरायचं का? अजिबात नाही. डॉक्टर एकट्या एडीसीवर निदान करत नाहीत. रक्ततपासण्या, इतर स्कॅन, पेशंटचा इतिहास, सगळं एकत्र बघतात.

पण तुम्ही मेडिकल, फार्मसी किंवा स्टॅटिस्टिक्सला असाल, तर प्रोजेक्ट करताना एवढं लक्षात ठेवा. तुलनेसाठी हाताशी मिळतात म्हणून फक्त वर्गातले मित्र घेऊ नका. साठीच्या पेशंटसमोर साठीचाच निरोगी माणूस हवा. शोधायला वेळ लागेल, पण आजोबांच्या रिपोर्टचा खरा अर्थ त्याशिवाय कळणार नाही.