ओ रिआडांची वादकमंडळी

१९५९ साली ‘मिशे एरा’ हा माहितीपट आयर्लंडमध्ये झळकला आणि त्याचे संगीतकार शॉन ओ रिआडा यांचं नाव घरोघरी पोचलं. पडद्यावर ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६च्या उठावाच्या काळातली जुनी चित्रणं आणि पार्श्वसंगीतात अख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा. पण तो वाजवत होता आयरिश लोकांच्या ओठांवरच्या जुन्या चाली. लोक भारावून गेले. या यशावर पुढची वीस वर्षं सहज निघाली असती. ओ रिआडांनी मात्र वर्षभरातच वेगळी वाट धरली.

कॉर्कच्या विद्यापीठात ते पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकले होते. १९५७ साली त्यांनी केवळ तंतुवाद्यांच्या ऑर्केस्ट्रासाठी ‘नोमॉस क्र. १’ ही रचना केली होती. डब्लिनच्या ॲबी थिएटरचे ते संगीत दिग्दर्शक. तिथल्या एका नाटकासाठी त्यांनी पारंपरिक वादक जमवले आणि त्यातूनच ‘क्योल्टोरी खूलन’ हा वृंद उभा राहिला. फिडल, बासरी, टिन व्हिसल, अकॉर्डियन, कोपराखालच्या भात्यानं हवा भरायचे इलन पाइप्स. फिडलवादक मार्टिन फे ॲबीच्याच ऑर्केस्ट्रातले. पाइप्सवर पॅडी मोलोनी.

त्या काळी समूहवादन म्हणजे केली बँड. नाचाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी एकच धून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकत्र वाजवायची, खाली पियानो आणि ड्रमचा ठेका. ओ रिआडांना हा प्रकार मुळीच रुचत नव्हता. १९६२च्या रेडिओ-व्याख्यानमालेत त्यांनी ठासून मांडलं, की आयरिश संगीत युरोपीय वळणाचं नाहीच. ते पूर्वेकडच्या संगीताला जास्त जवळचं आहे. रागसंगीतावर कान तयार झालेल्याला यातलं मर्म लगेच कळेल. इथे सुरावट एकपदरी. तिचा जीव आहे तो प्रत्येक आवर्तनात पालटणाऱ्या हरकतींत. खाली स्वरमेळाचे थर चढवले, तर त्या हरकती गुदमरतात.

मग अभिजात संगीताकडून त्यांनी घेतलं काय? कुणी कधी वाजवायचं आणि कुणी कधी थांबायचं, याची शिस्त. एक फेर एकट्या फिडलचा, पुढच्यात व्हिसलची जोड, मग पाइप्स. अखेरीस सगळे एकत्र. धून तीच, पण प्रत्येक वाद्याचा रंग स्वच्छ ऐकू येतो. दोन परंपरांच्या मिलाफाची इतकी नेमकी जागा फार थोड्यांना सापडली आहे.

ओ रिआडा स्वतः बौरॉन हे चर्मवाद्य वाजवत, आणि हार्पसिकॉर्डही. दरबारी युरोपचं हे वाद्य इथे कशाला? जुन्या आयरिश हार्पला धातूच्या तारा असत आणि ते वादन लोप पावलं होतं. हार्पसिकॉर्डच्या छेडलेल्या तारांत त्यांना तोच नाद सापडला. टर्लोक ओ कॅरोलन (१६७०–१७३८) या अंध हार्पवादकाच्या रचनांना तर तो शोभलाच. इटालियन बरोक संगीताची छाप कॅरोलनवर आधीच होती.

१९६९ साली डब्लिनच्या गेइटी थिएटरात ही मंडळी काळे सूट आणि बो टाय लावून बसली. गावच्या स्वयंपाकघरात नि पबमध्ये वाजणारं संगीत मैफलीच्या इतमामानं सादर झालं आणि त्याचं ध्वनिमुद्रणही निघालं. दोनच वर्षांनी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी ओ रिआडा गेले.

मोलोनींनी १९६२ मध्येच ‘द चीफटन्स’ हा वृंद सुरू केला होता. स्टॅनली कुब्रिकच्या ‘बॅरी लिंडन’मध्ये (१९७५) या वृंदानं वाजवलेली ‘विमेन ऑफ आयर्लंड’ ही चाल ओ रिआडांची. ओ रिआडांचे कॉर्कमधले विद्यार्थी मीहॉल ओ सुलेवॉन यांनी पियानो, पारंपरिक वादक आणि आयरिश चेंबर ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं यांना एकत्र आणलं. १९९४ साली त्यांनीच लिमरिक विद्यापीठात संगीत-नृत्याची अकादमी स्थापन केली. तिथे अभिजात आणि पारंपरिक, दोन्ही घराण्यांची मुलं एकाच छताखाली शिकतात.