निवृत्तिवेतन, काटकसर आणि संप

निवृत्तिवेतन ही म्हातारपणाची काठी, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. ‘अमुक गृहस्थ पेन्शनीत निघाले’ या साध्या वाक्यात एकेकाळी केवढे समाधान भरलेले असे! पुणे शहराची तर ‘पेन्शनरांचे पुणे’ अशीच ख्याती होती. परंतु हे वेतन येते कोठून, ते किती असावे हे कोण ठरवतो आणि ते कमी होण्याची चिन्हे दिसू लागताच एरवी शांतपणे काम करणारी माणसे रस्त्यावर का उतरतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो विचार करण्यास ब्रिटनमधील 2011 सालच्या संपाइतके बोधप्रद उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

30 नोव्हेंबर 2011 रोजी त्या देशातील शिक्षक, परिचारिका, कचेऱ्यांतील कारकून, सफाई कामगार असे सार्वजनिक सेवेतील लक्षावधी लोक एका दिवसाच्या संपावर गेले. सुमारे तीस संघटना त्यात सामील होत्या. संपकऱ्यांची संख्या वीस लाखांपर्यंत गेली, असे संघटनांचे म्हणणे होते. ती याहून बरीच कमी होती, असे सरकारने सांगितले. इंग्लंडमधील निम्म्याहून अधिक सरकारी शाळा त्या दिवशी बंद राहिल्या. मुख्याध्यापकांची जी राष्ट्रीय संघटना 1897 साली स्थापन झाली, तिने आपल्या इतिहासात प्रथमच संपाचे हत्यार उपसले, यावरून असंतोष किती खोलवर गेला होता याची कल्पना यावी.

या संपाचे मूळ पेढ्यांच्या कारभारात होते. 2008 साली तेथील मोठमोठ्या बँका कोसळण्याच्या बेतात आल्या. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडसारख्या संस्था वाचवण्यासाठी सरकारला अफाट पैसा ओतावा लागला. व्यापार मंदावला, करांचे उत्पन्न घटले आणि 2009-10 साली सरकारी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 10 टक्क्यांवर गेली. मे 2010 मध्ये डेव्हिड कॅमेरन यांच्या नेतृत्वाखाली दोन पक्षांचे संयुक्त सरकार आले. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी कठोर काटकसरीचे धोरण जाहीर केले. वर्षाला 21,000 पौंडांहून अधिक मिळवणाऱ्या सरकारी नोकरांचे वेतन दोन वर्षे गोठवण्यात आले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरे. पण अंथरूण कोणामुळे आखूड झाले आणि पाय कोणी आखडते घ्यायचे, हा प्रश्न लोकांच्या मनात उभा राहिला.

निवृत्तिवेतनांचा विचार करण्यासाठी सरकारने लॉर्ड हटन यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. हटन हे पूर्वीच्या मजूर पक्षाच्या सरकारातील मंत्री. त्यांचा अंतिम अहवाल मार्च 2011 मध्ये आला. आयोगाच्या शिफारशी आणि सरकारचे निर्णय मिळून चार मोठे बदल पुढे आले. ते एकेक करून समजून घेऊ.

पहिला बदल वर्गणीचा. कर्मचाऱ्याच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी होणारी कपात सरासरी सुमारे 3 टक्क्यांनी वाढणार होती. शिक्षकांच्या बाबतीत ती सरासरी 6.4 टक्क्यांवरून 9.6 टक्क्यांवर जाणार होती. दुसरा बदल वयाचा. निवृत्तीचे वय सर्वसाधारण नागरिकांच्या शासकीय पेन्शनच्या वयाशी जोडले जाणार होते आणि ते वय पुढे सरकत होते.

तिसरा बदल हिशेबाच्या पद्धतीचा. पूर्वी बहुतेकांचे निवृत्तिवेतन अखेरच्या पगारावर ठरत असे. आता ते संपूर्ण नोकरीतील पगाराच्या सरासरीवर ठरणार होते. एक उदाहरण घेऊ. सेवेच्या प्रत्येक वर्षाला पगाराचा साठावा भाग, या नियमाने 30 वर्षांच्या सेवेला निम्मे वेतन मिळते. एखाद्याचा अखेरचा पगार 60,000 असेल तर त्याला 30,000 मिळतील. परंतु महागाईचा मेळ घालूनही त्याच्या साऱ्या पगारांची सरासरी 40,000 भरत असेल, तर हातात 20,000 च पडतील. उलट, ज्याचा पगार नोकरीभर फारसा वाढलाच नाही, त्याचे नुकसान जवळजवळ होत नाही. बढत्या मिळवत वर चढणाऱ्यांचा अखेरच्या पगारावरील पद्धतीत अधिक लाभ होतो, शिपायाचा होत नाही, हा हटन यांचा मुद्दा म्हणूनच दुर्लक्षिण्याजोगा नव्हता.

चौथा बदल दिसण्यात क्षुल्लक, परिणामी मोठा. महागाईनुसार निवृत्तिवेतन वाढवताना जो निर्देशांक वापरत, त्याच्या जागी सामान्यतः कमी वाढणारा दुसरा निर्देशांक एप्रिल 2011 पासून लागू झाला. 100 रुपये दरसाल 3 टक्क्यांनी वाढले तर 20 वर्षांनी सुमारे 181 होतात. 2 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 149 च होतात. चक्रवाढीचे गणित वर्गात कंटाळवाणे वाटते, पण म्हातारपणी ते असे भेटते!

आता दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पाहू. सरकारचा पक्ष असा : माणसे अधिक जगू लागली आहेत. 1970 च्या सुमारास साठीचा मनुष्य आणखी सरासरी 18 वर्षे जगे. 2010 च्या सुमारास तो 28 वर्षे जगण्याची अपेक्षा होती. शिवाय खासगी कारखान्यांतील नोकरांना अशी निवृत्तिवेतने बहुतांशी मिळेनाशी झाली असता, त्यांनीच भरलेल्या करांतून सरकारी नोकरांचे पोषण का व्हावे?

संघटनांचे उत्तरही सबळ होते. हटन आयोगाच्याच अंदाजानुसार या निवृत्तिवेतनांवरील खर्च 2010-11 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 1.9 टक्के इतका कमाल पातळीवर होता आणि तो पुढे हळूहळू उतरत 2060 च्या सुमारास 1.4 टक्क्यांवर येणार होता. मग घाई कशाची? आणि ही वेतने म्हणजे काही सोन्याच्या खाणी नव्हत. त्यांची सरासरी वर्षाला सुमारे 7,800 पौंड होती आणि निम्म्या लोकांना तर सुमारे 5,600 पौंडांहूनही कमी मिळत होते. खासगी नोकरांची स्थिती वाईट असेल तर ती सुधारावी. सर्वांनाच खाली ओढण्यात कसला न्याय?

येथे एक बारकावा ध्यानी घेतला पाहिजे. तेथील बहुतेक सरकारी योजनांत वर्गणीचा वेगळा निधी साठवला जात नाही. आजच्या नोकरांच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांना वेतन दिले जाते आणि उणे पडेल ते सरकार भरते. अर्थात वर्गणी वाढवली की तिजोरीचा भार त्याच वर्षी हलका होतो. वयातील आणि हिशेबातील बदलांचे फळ मात्र बहुतांशी अनेक वर्षांनी मिळते. म्हणजे ‘माणसे अधिक जगतात’ हे कारण वयवाढीला लागू पडते, पण तातडीच्या वर्गणीवाढीमागे तूट भरून काढण्याचाच हेतू होता. दोन निराळ्या प्रश्नांना एकच उत्तर दिले जात होते आणि संशयाचे बीज तेथेच पडले.

संपाने काय साधले? संपाची हाक आल्यावर, पण तो होण्यापूर्वीच, 2 नोव्हेंबर रोजी सरकारने आपला देकार सुधारला. 1 एप्रिल 2012 रोजी ज्यांच्या निवृत्तीस दहा वर्षे किंवा त्याहून कमी अवधी उरला असेल, त्यांना जुन्याच योजनेत राहू देण्याचे मान्य केले. डिसेंबरात बऱ्याच संघटनांशी समझोता झाला. काहींनी 10 मे 2012 रोजी पुन्हा संप केला, तथापि मूळ योजना टळली नाही. 2013 साली कायदा झाला आणि 2015 पासून बहुतेक नव्या योजना सुरू झाल्या.

पण कथा येथे संपली नाही. वयाने मोठ्यांना दिलेले संरक्षण तरुणांना नाकारणे हा वयावरून केलेला भेदभाव आहे, असा दावा काही न्यायाधीश आणि अग्निशामक दलाचे जवान यांनी लावला. डिसेंबर 2018 मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला. सरकारला चूक दुरुस्त करण्यासाठी 2022 साली नवा कायदा करावा लागला. लक्षावधी लोक रस्त्यावर उतरून जे साधले नाही, त्याचा काही अंश मूठभर फिर्यादींनी न्यायासनापुढे मिळवला.

हे वाचून आपल्या देशातील एका खटल्याचे स्मरण होते. 17 डिसेंबर 1982 रोजी नाकारा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड हे त्या घटनापीठाचे प्रमुख होते. निवृत्तिवेतन ही सरकारने केलेली मेहेरबानी नव्हे, तो सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांत भेद करणे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असे न्यायालयाने ठरवले. तारखेची रेघ ओढणे लेखणीला सोपे असते, परंतु त्या रेघेच्या दोन्ही अंगांना माणसे उभी असतात.

अशीच एक रेघ आपल्याकडे पुन्हा ओढली गेली. 1 जानेवारी 2004 नंतर केंद्र सरकारच्या सेवेत आलेल्यांना, सैन्यदले वगळून, निश्चित वेतनाऐवजी बाजारात गुंतवलेल्या निधीवर अवलंबून राहावे लागले. महाराष्ट्रात हीच तारीख 1 नोव्हेंबर 2005 ही ठरली. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ असा घोष करीत तेथील लक्षावधी कर्मचारी मार्च 2023 मध्ये 14 ते 20 तारखेपर्यंत संपावर होते. पुढे केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून एक एकीकृत योजना पर्याय म्हणून दिली. तीत 25 वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम निश्चित केली आहे.

विद्यार्थिमित्रहो, महाराष्ट्रातील तो संप दहावी-बारावीच्या परीक्षांच्या ऐन दिवसांत झाला होता. शिक्षकाने संप करावा काय, असे तुम्ही विचाराल. मी स्वतः शिक्षक, तेव्हा या वादात मी सर्वस्वी तटस्थ नाही, हे ध्यानात धरूनच माझे म्हणणे वाचा. संपाने ज्याचे नुकसान होते तो बहुधा निर्णय घेणारा नसतो. तो रुग्ण असतो, विद्यार्थी असतो. म्हणून हे शस्त्र अखेरचेच असावे. परंतु तीस वर्षांपूर्वी दिलेले वचन, वचन घेणारा म्हातारा होत असताना बदलले जाते, तेव्हा त्याच्या हाती दुसरा उपाय तरी कोणता उरतो, हेही पाहिले पाहिजे. सरकारने वचन देताना तिजोरी पाहावी आणि वचन दिल्यावर माणूस पाहावा. उद्या तुमच्यापैकी कोणी सेवक होतील, कोणी करदाते, कोणी कदाचित राज्यकर्तेही. त्या वेळी हिशेबाच्या वहीतील प्रत्येक आकड्यामागे कोणाचे तरी म्हातारपण आहे आणि ते पेलण्यासाठी कोणाच्या तरी तरुणपणीचे कष्ट खर्ची पडत आहेत, या दोन्ही गोष्टी तुम्ही विसरू नयेत, एवढीच अपेक्षा.