प्रथिनांची विल्हेवाट आणि कर्करोगावरील नवी औषधे

कोलकात्याच्या गार्डन रीच भागात हुगळीच्या तीरावर नेताजी सुभाष गोदी आहे. मोठे जहाज गोदीत आणावयाचे असते तेव्हा टगबोटी त्याला दोर बांधून ओढीत आणतात. जहाज जागेवर लागले की दोर सुटतो व टगबोट दुसऱ्या जहाजाकडे वळते. कर्करोगावरील औषधांचा एक नवा वर्ग पेशीमध्ये अशाच प्रकारचे काम करतो.

पेशीची बहुतेक कामे प्रथिने करतात, आणि निरुपयोगी प्रथिने मोडून टाकण्याची व्यवस्थाही पेशीतच असते. अशा प्रथिनाला युबिक्विटिन या लहान प्रथिनाची खूण जोडली जाते; मग प्रोटिॲसोम नावाचे पिंपाच्या आकाराचे यंत्र त्याचे तुकडे करते. ही रीत उलगडल्याबद्दल चिखानोव्हर, हर्शको व रोझ यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोगात काही प्रथिने पेशीला अखंड विभाजनाची आज्ञा देत राहतात. नेहमीची अनेक औषधे अशा प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचे काम थांबवितात. परंतु पुष्कळ प्रथिनांना तशी सोयीची खाच नसते. त्यांना विल्हेवाटीच्या यंत्रणेपर्यंत ओढून नेणे हा दुसरा मार्ग होय.

हा मार्ग शक्य आहे, याचा पुरावा एका दुर्दैवी औषधात दडलेला होता. थॅलिडोमाइड १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून विक्रीस आले. गरोदर स्त्रियांनी ते घेतल्यामुळे जगात सुमारे १०,००० बालके व्यंग घेऊन जन्मली, व १९६१ साली ते तेथे मागे घेण्यात आले. पुढे १९९९ साली सीमा सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अस्थिमज्जेच्या मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर गुणकारी असल्याचे दाखविले. त्याचे कारण २०१० नंतर उलगडत गेले. खूण जोडणाऱ्या यंत्रणेतील सेरेब्लॉन या प्रथिनाला हे औषध चिकटते आणि इतर प्रथिनांना तेथे खेचते. मायलोमाच्या पेशींना जगविणारी दोन प्रथिने त्यामुळे नष्ट होतात. परंतु गर्भाच्या अवयवांच्या घडणीस आवश्यक असे एक प्रथिनही त्याच रीतीने नष्ट होते, असे २०१८ साली आढळले. गुण आणि घात यांचे मूळ एकच होते.

दरम्यान २००१ साली अमेरिकेत क्रूज व डेशे यांच्या प्रयोगशाळांनी दोन टोकांचा रेणू मुद्दाम घडविला होता. त्याचे एक टोक हव्या त्या प्रथिनाला व दुसरे खूण जोडणाऱ्या यंत्रणेला धरते. काम झाले की रेणू मोकळा होतो व पुढचे प्रथिन आणतो. म्हणून अशा औषधाची थोडी मात्राही पुरेशी ठरू शकते. मात्र तो कोणते प्रथिन ओढून नेतो आणि कोणते सोडतो, हे रोग्याला देण्यापूर्वी कसून तपासावे लागते.