बँकॉकमधलं हे उद्यान मुद्दाम तिरकं का बांधलंय?
२०११च्या पुरात बँकॉक परिसरातल्या असंख्य लोकांना घर सोडावं लागलं. लँडस्केप आर्किटेक्ट कोचाकॉर्न वोराआखोम यांचं कुटुंबही त्यात होतं. त्यांनीच आखलेलं चुलालाँगकॉर्न शताब्दी उद्यान २०१७मध्ये खुलं झालं. ११ एकरांची ही जागा ३ अंशांनी कलती आहे. वरच्या टोकाला हिरवं छप्पर. तिथलं पाणी उताराने, पाणवनस्पतींतून गाळत खालच्या तलावात येतं. मुसळधार पावसात इथे सुमारे ३८ लाख लिटर पाणी थांबतं. तलावाकाठी सायकलीही आहेत, पॅडल मारलं की पाणी ढवळतं! अर्थात, एका उद्यानाने अख्ख्या बँकॉकचा पूर अडणार नाही. पण विद्यापीठाने भर शहरातली मोलाची जमीन इमारतींऐवजी पाण्यासाठी सोडली, हे विशेष.