येशूचे आख्यान, नगरचे कीर्तन

नगर जिल्ह्यात नाताळाच्या दिवसांत ख्रिस्ती कीर्तन ऐकायचा योग आला, तर मागे उभे राहू नये. पेटीवाल्याजवळ सतरंजीवर जागा धरावी. नमन होते, झांज घुमते, पूर्वरंगात क्षमेवर निरूपण चालते आणि उत्तररंगात बुवा उधळ्या पुत्राचे आख्यान लावतात. बाप वाट पाहत बसतो तो थेट आपल्या शिवारातल्या बांधावर. वाटणीचा पैसा उडवून आलेला पोरगा लांबून दिसतो, तेव्हा बुवा बोलता बोलता थांबतात. चिपळ्या मुठीत दाबून धरतात. मग धोतर सावरत म्हातारा धावत सुटतो आणि तबला द्रुत लयीत येतो. पुढे बसलेल्या आज्या डोळ्याला पदर लावतात. त्यांच्यात गळ्यात तुळशीची माळ असलेल्याही असतात.

हा धर्मप्रचारच आहे, पण कुणाला टोचत नाही. बुवा ऐकणाऱ्याच्या देवाला नावे ठेवत नाहीत. जुन्या मिशनरी पत्रकांत ते सर्रास चाले, आणि त्याने मने दुखावली.

नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कीर्तने गाजवली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्यांना आपल्या अभंगांची जोड दिली. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक, आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो, असे सांगत. त्यांच्यापासून दुरावलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९००मध्ये. त्याआधीच त्या नवऱ्याकडे परतल्या होत्या. म्हणजे काही काळ एकाच संसारात दोन धर्म नांदले. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना याच घराने थारा दिला. बुवांच्या शब्दाला वजन येते ते अशा घरांमुळे. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मला हे त्यांच्या कवितेइतकेच मोठे काम वाटते.

आपल्या बंगळूरच्या बसवनगुडीत हरिकथेचा कान अजून शाबूत आहे. रामनवमीला कानडी दासांची कथा आपण तल्लीन होऊन ऐकतो. इथल्या मराठी मंडळींनी येत्या डिसेंबरात नगरकडचे एखादे बुवा बोलवावेत. पेटी-तबल्याची साथ इथे मिळेल. बुवांची बिदागी आणि गाडीभाडे मात्र आधी पाठवावे.